पाळणाघराचा खर्च कोणी सोसायचा? बंगळूरच्या कामगार स्त्रिया आणि रोख मदतीचा भ्रम

नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलांच्या संगोपनखर्चासाठी सरकारने रोख साहाय्य द्यावे, अशी मागणी अलीकडे वरचेवर ऐकू येते. मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद असा: पाळणाघराची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली की मालक स्त्रियांना कामावर घेईनासे होतात, तेव्हा मालकाला या बंधनातून मोकळे करावे, सरकारने मातेच्या बँकखात्यात ठराविक रक्कम जमा करावी आणि तिने आपल्या पसंतीचे पाळणाघर शोधावे. वरवर पाहता यात गैर काहीच दिसत नाही. कामगार स्त्रीच्या हाती चार पैसे पडत असतील तर त्यास कोण विरोध करील? आपल्या कामगार संघटनांतील काही कॉम्रेडांनाही ही कल्पना मोहक वाटू लागली आहे. म्हणूनच ती बारकाईने तपासणे अगत्याचे आहे, आणि तपासण्यास बंगळूरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

बंगळूरची जगभर कीर्ती आहे ती संगणक-उद्योगाची. परंतु पीण्याची औद्योगिक वसाहत, बोम्मनहळ्ळी, होसूर रस्ता आणि म्हैसूर रस्ता येथे सकाळी आठच्या सुमारास जी माणसांची रांग कारखान्यांच्या फाटकांतून आत शिरते, ती संगणकतज्ज्ञांची नसते. ती युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी सदरे आणि विजारी शिवणाऱ्या टेलर व हेल्पर स्त्रियांची असते. तयार कपड्यांच्या या उद्योगात बंगळूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत काही लाख कामगार आहेत आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत. मंड्या, हासन, तुमकूर येथील खेड्यांतून त्या येतात. अलीकडे ओडिशा आणि झारखंडातूनही येतात. बहुतेकींचे वय अठरा ते पस्तीस, म्हणजे नेमके लहान मुलांच्या आया असण्याचे.

या स्त्रियांच्या मुलांसाठी कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले होते. आधी ही अट पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आली. मुलांना मोफत दूध अथवा खाऊ द्यावा, मातेला स्तनपानासाठी कामातून सवड द्यावी, असे नियम करण्याची सोयही त्याच कलमात होती. २०१७ मध्ये प्रसूती-लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत पाळणाघर असावे, मातेने दिवसातून चार वेळा तेथे जावे, असे ठरले.

कागदावर एवढे सारे असताना प्रत्यक्षात काय घडते? मोठ्या निर्यातदार कारखान्यांत पाळणाघराची खोली असते. परदेशी खरेदीदाराचे तपासनीस येतात तेव्हा ती दाखवावी लागते. भिंतीवर ससे-हरणे रंगविलेली असतात, पाळणे असतात, खेळणी असतात. मुले मात्र कामगारांच्या संख्येच्या मानाने फारच थोडी. मालक म्हणतो, 'आम्ही सोय केली, बायकाच मुले आणत नाहीत.' हे म्हणणे अर्धसत्य आहे आणि म्हणूनच असत्याहून घातक आहे. स्त्रिया मुले का आणत नाहीत? ठासून भरलेल्या टेम्पोतून अथवा बसमधून तासभर उभ्याने प्रवास करून सहा महिन्यांचे मूल आणणे शक्य नाही म्हणून. कित्येक ठिकाणी तान्ह्या मुलाला घेण्यास पाळणाघर तयार नसते, दोन-अडीच वर्षे पूर्ण झाल्यावर या असे सांगितले जाते, म्हणून. आणि कायद्याने दिलेल्या चार भेटींपैकी एक जरी घेतली तरी लाइनवर माल साचतो, तासाचे टार्गेट चुकते आणि सुपरवायझर चारचौघांत अपमान करतो, म्हणून. ताशी टार्गेटची पद्धत आणि स्तनपानाची सवड ही एका छताखाली नांदू शकत नाहीत. टार्गेटला हात न लावता पाळणाघराचा कायदा करणे म्हणजे विहीर खणून देणे आणि दोर काढून घेणे होय.

मग ही मुले राहतात कोठे? कोणी गावी आजीजवळ, आईपासून शे-दीडशे किलोमीटरवर. कोणी शेजारणीकडे, महिन्याला काही रक्कम देऊन. कोणी आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा सुटते. पुष्कळ वेळा शेवटचा मार्ग म्हणजे आईच राजीनामा देते, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढते, दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कारखान्यात नवीन कामगार म्हणून पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवर भरती होते. तिची नोकरीची वर्षे तुटतात. सलग पाच वर्षे न भरल्याने ग्रॅच्युइटी बुडते. पाळणाघर नसल्याचा हा खर्च मालकाच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. उलट तेथे तो नफा म्हणून दिसतो!

हा प्रकार बंगळूरने नव्याने शोधून काढलेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस येईनासा होऊन लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा इंग्रज सरकारने डॉ. एडवर्ड स्मिथ यांस कामगारांच्या प्रकृतीची पाहणी करण्यास पाठविले. उपासमारीच्या त्या काळातही त्यांना एक लाभ आढळला: आयांना आपल्या मुलांना अंगावर पाजण्यास सवड मिळाली, अफूमिश्रित औषध पाजून त्यांना निजविण्याची गरज उरली नाही. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात ही नोंद मुद्दाम दिली आहे. त्यानंतर साठ वर्षांनी मुंबईत काय होते? १९२२ मध्ये गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना असे दिसले की, जवळजवळ प्रत्येक तान्ह्या मुलाला अफू दिली जाते. परळ-लालबागच्या चाळींत तिला बाळगोळी म्हणत. गोळी देणारी आई निर्दय नव्हती. दहा तास साच्यापुढे उभे राहायचे आणि मूल खोलीत एकटे ठेवायचे, तर ते झोपलेले असणे हाच त्याच्या जिवाचा बचाव होता.

त्याच मुंबईत जुलै १९२८ मध्ये प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधिमंडळात खर्चाचा हाच प्रश्न उपस्थित केला होता. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा पुष्कळसा भार सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रीला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून मालकाची सुटका होऊ शकत नाही, हेही त्यांनी ठासून सांगितले. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा झाला. आज शंभर वर्षे होत आली तरी मालकांचे वकील तीच सुटका निराळ्या भाषेत मागत आहेत.

त्यांचा मुख्य मुद्दा असा की, असल्या कायद्यांमुळे स्त्रियांच्या नोकऱ्या जातात. दाखल्यादाखल मुंबईच्या गिरण्यांकडेच बोट दाखविले जाते: १९२० च्या दशकात तेथे सुमारे पाचांत एक कामगार स्त्री होती, १९८० पर्यंत हे प्रमाण अवघ्या काही टक्क्यांवर आले. आकडे खरे आहेत. निष्कर्ष खोटा आहे. गिरणीमालकांनी वैज्ञानिकीकरणाच्या नावाखाली रिळे आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत नवी यंत्रे आणली आणि नेमकी तीच खाती स्त्रियांची होती. रात्रपाळीतून स्त्रियांना कायद्याने वगळले होते, पुरुष मात्र तिन्ही पाळ्यांत राबविता येत होता. प्रसूती-लाभाचा खर्च हे एक निमित्त होते. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गिरण्यांच्या फाटकांवर ज्या स्त्रियांना संघटित केले, त्यांना ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तरी या युक्तिवादात एक दाणा सत्याचा आहे आणि तो झटकून टाकणे बरे नव्हे. जबाबदारी स्त्रियांच्या संख्येनुसार ठरली, तर स्त्री न घेण्यात मालकाचा फायदा होतो. जून २०२४ मध्ये रॉयटर या वृत्तसंस्थेने उघडकीस आणले की, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जुळविण्याच्या कामावर विवाहित स्त्रियांना घेण्याचे टाळले जात होते. त्याच कंपनीचा कारखाना बंगळूरजवळ देवनहळ्ळीला उभा राहिला आहे आणि तेथेही भरती मुख्यतः तरुण मुलींची आहे. भांडवलाने संगोपनाचा प्रश्न अशा रीतीने 'सोडविला': कोवळ्या वयाच्या मुलींना वसतिगृहात ठेवायचे, चार-पाच वर्षे राबवायचे आणि लग्नाच्या वेळी गावी परत पाठवायचे. मूल हा त्या गावाचा खर्च.

याला उत्तर काय? रोख भत्तावाल्यांचे उत्तर आहे मालकाला मोकळे करणे. कामगार वर्गाचे उत्तर नेमके उलटे आहे: जबाबदारी स्त्रियांच्या संख्येवर न ठेवता उद्योगाच्या एकूण पगारपत्रकावर ठेवावी, म्हणजे स्त्रीला वगळून मालकाचा एक पैसाही वाचणार नाही. मूल काही एकट्या आईचे नसते. फाटकातून आत जाणारा बापही त्या मुलाचा बाप आहे, मग त्याची गणती का होऊ नये?

तत्पूर्वी रोख मदतीचा हिशेब पाहू. कर्नाटकात ३० ऑगस्ट २०२३ रोजी काँग्रेस सरकारने 'गृहलक्ष्मी' योजना सुरू केली. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे त्या स्त्रीला महिना दोन हजार रुपये. या पैशाने अनेक घरांतील चूल पेटती राहिली आहे आणि तिची टवाळी करणाऱ्या उच्चभ्रूंशी आपला काडीचाही संबंध नाही. पण तो पैसा पाळणाघराचा प्रश्न सोडवतो काय? एकत्र कुटुंबात ती रक्कम बहुधा सासूच्या नावे येते. स्वतंत्र राहणाऱ्या टेलरच्या नावे आली तरी घरभाडे दर वर्षी वाढते आणि दोन हजार रुपयांत दिवसाचे नऊ-दहा तास तान्हे मूल सांभाळणारे पाळणाघर बोम्मनहळ्ळीच्या गल्लीत सापडत नाही. जी वस्तू बाजारात नाही, ती घेण्यासाठी पैसे वाटणे हा शुद्ध फार्स आहे. केंद्र सरकारचे तर बोलूच नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने पहिल्या मुलापुरते पाच हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, देऊन कायद्यातील हक्कच कापला.

विलायतेचा अनुभवही बोलका आहे. ब्रिटनमध्ये अल्प उत्पन्नाच्या नोकरदार आईबापांना युनिव्हर्सल क्रेडिट या योजनेखाली संगोपनखर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मात्र सर्वसाधारण रीत अशी की, आधी खिशातून भरा, पावती दाखवा, मग परतावा घ्या. महिनाअखेरीस ज्याचा खिसा रिकामा, त्याने आधी भरायचे कोठून? शिवाय तेथील बालवाड्यांच्या मोठमोठ्या साखळ्या गुंतवणूक कंपन्यांच्या मालकीच्या झाल्या आहेत. सरकारी पैसा आईच्या हातातून जातो आणि भागधारकाच्या खिशात विसावतो. अमेरिकेत १९७१ मध्ये संसदेने सार्वत्रिक बालसंगोपन केंद्रांचा कायदा मंजूर केला होता. अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून तो मारला आणि कारण दिले ते असे की, यामुळे कुटुंबाऐवजी सामुदायिक संगोपनाला सरकारचे पाठबळ मिळेल. शत्रू कधी कधी आपल्यापेक्षा नेमके ओळखतो. लेनिनने १९१९ मध्ये 'एक महान प्रारंभ' या पुस्तिकेत पाळणाघरे आणि बालवाड्या यांना साम्यवादाचे कोंब म्हटले होते. निक्सन यांना भीती वाटली ती याच कोंबांची.

आता नव्या संहितांकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या आणि १९४८ चा कारखाना कायदा मोडीत निघाला. पाळणाघराचे कलम नाहीसे झालेले नाही, असे सरकारी प्रचारक सांगतात, आणि अक्षरशः ते खरे आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत पन्नास कर्मचाऱ्यांची अट आहे. स्त्रिया किती हे मोजले जात नाही, एवढी एक गोष्ट तत्त्वतः बरोबर आहे. पण पूर्वीची तीस स्त्रियांची अट गेली. पस्तीस स्त्रिया आणि दहा पुरुष यांचा शिवणकारखाना कालपर्यंत बांधील होता, आज तो मोकळा झाला. बंगळूरच्या मोठ्या निर्यातदारांचे काम कंत्राटावर घेणारे कारखाने याच आकाराचे असतात आणि मोठा कारखाना कागदावर तुकडे करून लहान दाखविणे ही कला येथील मालकांना शिकवावी लागत नाही. शिवाय चार भेटींचा अधिकार अजूनही फक्त स्त्रीलाच आहे. आणि पूर्वीचा फॅक्टरी इन्स्पेक्टर? तो आता निरीक्षक आणि साहाय्यकर्ता अशा जोडनावाने वावरणार आहे. साहाय्य कोणाला, हे संहितेने स्पष्ट केले नसले तरी मालकांना ते समजले आहे.

कर्नाटकाने तर याआधीच वाट मोकळी करून दिली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाजपच्या राजवटीत राज्याच्या विधिमंडळाने कारखाना कायद्यात दुरुस्ती करून दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्यास आणि स्त्रियांना रात्रपाळीत लावण्यास मुभा दिली. स्त्री-पुरुष समानतेच्या नावाने या तरतुदीचे गोडवे गायले गेले. रात्री दहा वाजता कोणते पाळणाघर उघडे असते, हा प्रश्न मात्र समानतेच्या या पुरस्कर्त्यांना पडला नाही.

सरकार स्वतः चालवीत असलेल्या पाळणाघरांची कथा आणखी करुण आहे. २००६ मध्ये राजीव गांधी यांच्या नावे राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. २०१५ च्या सुमारास देशात तिची तेवीस हजारांवर पाळणाघरे होती. २०१७ मध्ये केंद्राने आपला वाटा नव्वद टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणला, उरलेला बोजा राज्यांवर आणि चालविणाऱ्या संस्थांवर ढकलला. २०२० पर्यंत संख्या साडेसहा हजारांच्या आसपास उतरली. कोणीही 'पाळणाघरे बंद करा' असा हुकूम काढला नाही. पैसा आटवला, एवढेच. त्यानंतर २०२२ मध्ये 'पालना' या नव्या नावाने सतरा हजार अंगणवाडी-नि-पाळणाघरांचे लक्ष्य जाहीर झाले. देशातील अंगणवाड्या सुमारे चौदा लाख. म्हणजे लक्ष्य पूर्ण झाले तरी ब्याऐंशी अंगणवाड्यांमागे एक! कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींत 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, या नावाने पाळणाघरे निघाली, ती मुख्यतः रोजगार हमीच्या कामावरील स्त्रियांसाठी. उपक्रम स्वागतार्ह आहे. पण पीण्याची टेलर कोणत्या ग्रामपंचायतीत जाणार? शहरात जबाबदारी महापालिकेची, आणि बंगळूरच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षे तेथे निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. २०२५ मध्ये तिचे तुकडे करून पाच महापालिका केल्या गेल्या.

दुसरीकडे हेच राज्य आपल्या नोकरांच्या बाबतीत काय करते? केंद्र सरकारच्या स्त्री-कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती योग्यच आहे आणि तिला धक्का लागता कामा नये. पण ज्या तत्त्वावर ती दिली, ते तत्त्व पीण्याच्या फाटकाशी येऊन का थांबते?

पर्याय हवेत शोधण्याची जरुरी नाही. बांधकाम कामगारांच्या लढ्यातून १९९६ चा कायदा आला आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. तो निधी कसा वापरला गेला, कसा पडून राहिला, हा वेगळा आणि संतापजनक विषय आहे. पण एका मालकाकडून नव्हे तर संपूर्ण उद्योगाकडून वसुली करता येते, हे त्याने सिद्ध केले. उदाहरणादाखल एक हजार कामगारांचा कारखाना घ्या. सरासरी वेतन बारा हजार धरले तर महिन्याचे पगारपत्रक एक कोटी वीस लाखांचे. त्याचा एक टक्का म्हणजे एक लाख वीस हजार. पंधरा हजार पगाराच्या पाच सेविका ठेवल्या तर पंचाहत्तर हजार गेले. उरलेल्या पंचेचाळीस हजारांत पंचेचाळीस मुलांसाठी दूध, आहार आणि साबण-कापड येते. जागा सरकारने द्यावी, आणि ती कारखान्यात नव्हे, कामगार वस्तीत असावी, म्हणजे तान्ह्या मुलाला टेम्पोतून आणावे लागणार नाही, नोकरी सुटली म्हणून मुलाची जागाही सुटणार नाही, आणि बापही कामावर जाताना मूल तेथे पोहोचवू शकेल.

सेविका कोण? अंगणवाडी ताई. पण केंद्राने सेविकेचे मानधन २०१८ मध्ये साडेचार हजार आणि मदतनिसाचे सव्वादोन हजार ठरविले. राज्ये त्यात आपापली भर घालतात आणि तरीही त्यांना कामगार म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केल्यावरही २०२३ च्या जानेवारीत कर्नाटकातील हजारो सेविकांना बंगळूरच्या फ्रीडम पार्कमध्ये थंडीत ठाण मांडावे लागले. (हे पार्क म्हणजे जुना मध्यवर्ती तुरुंग. आंदोलकांसाठी सरकारने जागा मोठ्या औचित्याने निवडली आहे.) सेविकेला पूर्ण वेतन न देता तिच्यावर पाळणाघराचे दहा तास लादले, तर एका स्त्रीची सुटका दुसरीच्या पिळवणुकीवर उभी राहील. 'पालना'त हा धोका उघड दिसतो आणि त्याला विरोध झाला पाहिजे.

आणि शेवटी आपल्या चळवळीविषयी. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर केंद्राने निर्बंध घातले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये बंगळूरच्या एक लाखाहून अधिक कपडा-कामगार, बहुतांशी स्त्रिया, कोणत्याही संघटनेच्या हाकेची वाट न पाहता रस्त्यावर आल्या. होसूर रस्ता बंद पडला. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला. दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिल रोजी, केंद्राला हुकूम मागे घ्यावा लागला. त्या पैशासाठी स्त्रिया एवढ्या का खवळल्या, याचा विचार किती जणांनी केला? बाळंतपण आले, मूल सांभाळणारे कोणी नाही, नोकरी सोडावी लागली, की त्या दिवसांत पोट भरणारी रक्कम तीच होती. तो लढा पाळणाघराचाही होता. मागणीपत्रात तो शब्द नव्हता एवढेच.

मागणीपत्रात तो शब्द आला तरी कोठे येतो? वेतन, महागाई भत्ता, बोनस, उपाहारगृह, शौचालय आणि मग 'पाळणाघराची सोय असावी'. एवढे मोघम कलम मालक आनंदाने मान्य करतो, कारण त्याची ससे-हरणांची खोली आधीच तयार असते. हे कलम वेतनाच्या लगत घ्यावे लागेल आणि त्यात तपशील लिहावा लागेल: मूल सहा महिन्यांपासून घेतले जाईल, पाळणाघर पाळी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी उघडेल आणि ओव्हरटाइम संपेपर्यंत चालेल, भेटीच्या वेळेइतके टार्गेट कमी धरले जाईल, भेटीचा हक्क बापालाही राहील, देखरेख समितीत आयांचे बहुमत असेल, उपकर पगारपत्रकावर बसेल आणि मुख्य निर्यातदार कंपनी आपल्या कंत्राटदारांच्या कामगारांचीही भरपाई करील. पाचही महापालिकांच्या निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराला विचारता येईल की त्याच्या प्रभागात पाळणाघराची जागा कोणती. आणि ही कलमे घेऊन मालकांसमोर बसणाऱ्या वाटाघाटी-मंडळात शिलाई यंत्रावरच्या स्त्रिया असाव्या लागतील. आजवर तेथे बहुधा पुरुषच बसत आले आहेत.